मॅकवरच्या एक्सेलमध्ये जुना मॅक्रो चालत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

फाइल उघडते, आकडे दिसतात, बटणही जागेवर असतं. बटण दाबलं की मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा कोड, चालायला हवा. पण काहीच होत नाही, नाहीतर इंग्रजीत एक खिडकी येते आणि काम तिथेच अडतं. छापखाने, सीए मंडळींची ऑफिसं, जाहिरातीचे स्टुडिओ अशा जिथे जिथे मॅक वापरतात, तिथून मला या एकाच तक्रारीसाठी वर्षानुवर्षं फोन येतात. कारणं मोजकीच आहेत. ती कुठल्या क्रमाने तपासायची हे कळलं तर निम्म्याहून जास्त वेळा कुणाला बोलवायची गरज पडत नाही, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. जमल्यास पडद्याचा फोटो काढून ठेवा, कारण एररचा आकडा पुढे कामाला येतो.

- मॅक्रोंची यादी उघडली तर ती पूर्ण रिकामी असते.
- यादीत मॅक्रो दिसतो, पण 'कॅनॉट रन द मॅक्रो' असा संदेश येतो.
- 'कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी' असं येतं आणि 'लेफ्ट' किंवा 'डेट' असला अगदी साधा शब्द निळा होऊन उभा राहतो.
- एरर ४२९, म्हणजे ॲक्टिव्ह-एक्सचा (विंडोजच्या एका तंत्राचा) घटक तयार करता येत नाही.
- एरर ५३, ७६ किंवा १००४, म्हणजे बहुधा फाइल किंवा तिचा रस्ता (पाथ) सापडत नाही.
- कोड ६४-बिटसाठी सुधारून घ्या, 'पीटीआर-सेफ' लिहा, असा लांबलचक संदेश येतो.
- मॅक्रो चालतो, पण मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.
- मॅक्रो चालतो, पण तारखा चार वर्षं आणि एक दिवस सरकलेल्या असतात.

शेवटची दोन लक्षणं सगळ्यात धोक्याची, कारण तिथे काही अडत नाही. चुकीचा कागद छापून बाहेर जातो.

फाइल कुठल्या काळातली आहे?

मी प्रत्येक वेळी पहिला प्रश्न हाच विचारतो. त्यामागचा इतिहास माहीत असेल तर पुढच्या तपासण्यांना अर्थ येतो.

मॅक्रो ज्या भाषेत लिहिले जातात ते व्हीबीए एक्सेलमध्ये आलं १९९३ साली, पाचव्या आवृत्तीत. मॅकवरही ते पुढे ऑफिस २००४पर्यंत चालत होतं. २००६च्या सुरुवातीला ॲपलने मॅकमध्ये पॉवरपीसी चिप सोडून इंटेल चिप घालायला घेतली. मॅकवरच्या व्हीबीएचा गाभा थेट पॉवरपीसीच्या भाषेत यंत्रसंकेत तयार करत असे. तो इंटेलसाठी नव्याने लिहायचा, त्यात सॉफ्टवेअर बांधायची हत्यारंही बदललेली, आणि तेवढा वेळ घालवला तर अख्खं ऑफिसच लांबणार. म्हणून ऑगस्ट २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की मॅकच्या पुढच्या ऑफिसमध्ये व्हीबीए नसेल. जानेवारी २००८मध्ये ऑफिस २००८ आलं ते खरंच व्हीबीएविना. ॲपलस्क्रिप्ट, म्हणजे ॲपलची स्वतःची आदेशभाषा, वापरा, असं लोकांना सांगण्यात आलं. मॅक्रोंच्या जोडीने आकड्यांचं विश्लेषण करणारं अ‍ॅनालिसिस टूलपॅकही गेलं.

ज्यांचा रोजचा धंदा मॅक्रोवर उभा होता त्यांची पंचाईत झाली. जुनं ऑफिस धरून बसावं, विंडोजवर जावं, नाहीतर सगळं पुन्हा लिहून काढावं. ओरड इतकी झाली की ऑफिस २००८ बाजारात येऊन चार महिने होतात न होतात तोच, १३ मे २००८ला, मायक्रोसॉफ्टने निर्णय फिरवला आणि पुढच्या आवृत्तीत व्हीबीए परत येणार असं जाहीर केलं. ते ऑक्टोबर २०१०मध्ये ऑफिस २०११च्या रूपाने आलं आणि आजपर्यंत आहे.

निर्णय फिरवला हे चांगलंच झालं. अनेकांचं काम त्यामुळे वाचलं. पण त्यातून एक समजूत पक्की बसली की व्हीबीए परत आलं म्हणजे आपला जुना मॅक्रो जसाच्या तसा चालणार. तसं होत नाही. २००४चं व्हीबीए वेगळं, २०११चं वेगळं आणि २०१६पासूनचं आणखी वेगळं. भाषा तीच आहे, पण आजूबाजूचं घर दोनदा बदललं. मधल्या दोन-पावणेतीन वर्षांत फाइलींचं जे काही झालं त्याच्या खुणा अजून निघतात.

हात लावण्याआधी

मूळ फाइलची प्रत काढा, तिच्या नावात आजची तारीख घाला आणि ती पेन ड्राइव्हवर ठेवा. पुढचं सगळं दुसऱ्या प्रतीवर करायचं. ही पायरी कृपा करून टाळू नका.

१. एक्सेल पूर्ण बंद करून पुन्हा उघडा

मॅकवर लाल ठिपका दाबला की खिडकी बंद होते, एक्सेल चालूच राहतं. कमांड-क्यू दाबून ते पूर्ण बंद करा.

याचं कारण असं. बरेच मॅक्रो सुरुवातीला 'इव्हेंट्स' (आकडा भरला, फाइल उघडली अशा घटनेवर कोड आपोआप चालवायची सोय) बंद करतात आणि शेवटी चालू करतात. मॅक्रो मध्येच अडखळला तर ते बंदच राहतात, आणि ही स्थिती एका फाइलपुरती नसते, अख्ख्या एक्सेलची असते. मग सेलमध्ये आकडा भरल्यावर आपोआप चालणारे सगळे मॅक्रो गप्प बसतात. फाइल कितीही वेळा बंद करून उघडली तरी फरक पडत नाही. एक्सेल पूर्ण बंद केलं की इव्हेंट्स पुन्हा चालू. 'सकाळी चालत होतं, दुपारपासून बंद पडलं' अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

२. फाइल कशात उघडली आहे आणि कुठे ठेवली आहे

आयपॅड, आयफोन आणि ब्राउझरमधलं एक्सेल व्हीबीए चालवत नाही. ॲपलचं नंबर्स चालवत नाही, गूगल शीट्सही नाही. नव्या मॅकवर फाइलवर दोनदा क्लिक केलं की ती कित्येकदा नंबर्समध्ये उघडते आणि लोकांना वाटतं एक्सेलच आहे. तिथून कुणी एक्सेलच्या रूपात पुन्हा जतन केली तर त्या नव्या फाइलमध्ये मॅक्रो उरत नाहीत.

दुसरं म्हणजे फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असेल तर ती प्रत डेस्कटॉपवर आणून चालवून पाहा. 'ही फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो' असा रस्ता मॅक्रो विचारतो, तेव्हा वनड्राइव्हवरची फाइल कधीकधी इंटरनेटचा पत्ता हातात देते. मॅक्रो त्या पत्त्याला फोल्डर समजून शोधत बसतो.

३. नावाची शेवटची अक्षरं

फाइंडरमध्ये फाइल निवडून कमांड-आय दाबा आणि पूर्ण नाव वाचा. एक्सएलएसएम, एक्सएलएसबी किंवा जुनं एक्सएलएस असेल तर मॅक्रो आत असू शकतात. एक्सएलएसएक्स असेल तर नाहीत. त्या प्रकारच्या फाइलमध्ये व्हीबीएला जागाच नसते. नाव बदलून एक्सएलएसएम केल्यानेही ते परत येत नाहीत.

नावावरही विश्वास ठेवायचा नसेल तर आत डोकावता येतं, आणि ही युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. एक्सएलएसएम ही मुळात झिप फाइल असते. तिची प्रत घ्या, शेवटची अक्षरं बदलून झिप करा आणि दोनदा क्लिक करा. जे फोल्डर तयार होईल त्यात 'एक्सएल' नावाचं फोल्डर असतं. त्यात वर्कशीट्स, स्टाइल्स वगैरेंच्या शेजारी 'व्हीबीएप्रोजेक्ट' नावाची बिन प्रकारची फाइल दिसली तर मॅक्रो शाबूत आहेत आणि दोष दुसरीकडे आहे. ती फाइलच नसेल तर पुढच्या तपासण्यांवर वेळ घालवू नका, मॅक्रो या प्रतीत नाहीतच. जुन्या एक्सएलएसला ही युक्ती लागू नाही, तिची बांधणी वेगळी असते.

मॅक्रो गेले कसे, याचं उत्तर बऱ्याचदा २००८च्या त्या आवृत्तीत सापडतं. तिच्यात फाइल उघडताना मॅक्रो चालणार नाहीत अशी सूचना यायची, आणि मॅक्रो काढून उघडायचाही पर्याय असायचा. शिवाय तिचा नेहमीचा जतन करायचा प्रकार एक्सएलएसएक्स. घाईत एक बटण दाबलं की कोड गेला. कळलं कधी? दोन-तीन वर्षांनी, ऑफिस २०११ आल्यावर. तेव्हा अशा वेळी जुना बॅकअप शोधा. टाइम मशीन, जुनी सीडी, कुणाला तरी पाठवलेला ईमेल, दुसऱ्या भागीदाराचं मशीन. एका ठिकाणी मला २००७ सालची एक सीडी हिशेबाच्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात मिळाली. वर फक्त 'बॅकअप दिवाळी' लिहिलेलं होतं. आतल्या एक्सएलएसमध्ये अकरा मॅक्रो जसेच्या तसे होते. जुन्या सीड्या टाकून देऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

४. एक्सेल कुठलं आहे

एक्सेलच्या मेनूत 'अबाउट' उघडा आणि आकडा पाहा. ११ म्हणजे २००४, १२ म्हणजे २००८, १४ म्हणजे २०११, १५ किंवा १६ म्हणजे २०१६ किंवा त्यानंतरचं. १३ नावाची आवृत्ती आलीच नाही.

१२ दिसलं तर शोध इथेच संपला. त्यात व्हीबीए नाही आणि कुठल्याही अपडेटने ते येत नाही. १४ असेल तर व्हीबीए आहे, पण त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणं ऑक्टोबर २०१७मध्ये बंद झालं. ते ३२-बिट असल्यामुळे २०१९च्या मॅकओएस कॅटलिनापासून पुढे चालतही नाही. म्हणून ओएस अपडेट केल्यावर सगळंच बंद पडलं, अशी तक्रार असेल तर दोष फाइलचा नसतो.

५. परवानगी

एक्सेलच्या प्रेफरन्सेसमध्ये, नव्या आवृत्तीत सेटिंग्जमध्ये, 'सिक्युरिटी' उघडा. तिथे सूचना देऊन मॅक्रो बंद ठेवायचा पर्याय निवडा. म्हणजे प्रत्येक वेळी फाइल उघडताना एक्सेल विचारेल. सगळे मॅक्रो सरसकट चालू ठेवायचा पर्यायही तिथे आहे, तो घेऊ नका. १९९९ साली मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच जगभर पसरला होता. आजही तो मार्ग बंद झालेला नाही.

ऑफिसात काही जण विंडोजवर असतील तर तिथे वेगळीच अडचण दिसेल. वर लाल पट्टी येते आणि मॅक्रो चालू करायचं बटणच नसतं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मुळातच अडवायचे, असं मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२२मध्ये जाहीर केलं, जुलैमध्ये तो बदल मागे घेतला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा लागू केला. त्यामुळे त्या काळात एकाच ऑफिसात एकाचं चालतंय आणि दुसऱ्याचं नाही असा गोंधळ असायचा. फाइल खात्रीची असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'वर खूण करा. हे फक्त विंडोजपुरतं आहे, मॅकवर ही पट्टी येत नाही.

६. तुटलेले रेफरन्स

इथून पुढे कोडची खिडकी उघडावी लागते. 'टूल्स'मधून मॅक्रो, मग व्हिज्युअल बेसिक एडिटर. त्या खिडकीतल्या 'टूल्स'मध्ये 'रेफरन्सेस' आहे, म्हणजे कोड ज्या लायब्रऱ्यांवर (तयार कोडच्या संचांवर) अवलंबून आहे त्यांची यादी. यादीत एखाद्या नावाआधी 'मिसिंग' लिहिलेलं असेल तर त्याची खूण काढा, ओके करा आणि पुन्हा चालवून पाहा.

'लेफ्ट', 'डेट', 'फॉरमॅट' असले घरचे शब्द निळे होऊन अडतात त्याचं कारण हे असतं. एखादा शब्द कुठला आहे हे व्हीबीए त्या यादीतल्या लायब्रऱ्यांमध्ये शोधतं. एक लायब्ररी सापडेनाशी झाली की शोध अडखळतो आणि दोष भलत्याच शब्दावर दिसतो. लोक मग तो शब्द बदलत बसतात. शब्द बरोबरच असतो. मी पाहिलेल्या फाइलींत हरवलेली लायब्ररी बहुधा आउटलुकची, सॉल्व्हरची किंवा विंडोजच्या स्क्रिप्टिंग रनटाइमची निघाली.

खूण काढल्यावर दुसरीच ओळ अडू लागली तर घाबरू नका. ती ओळ खरोखर त्या लायब्ररीवर अवलंबून होती, आणि आता निदान खरा दोष दिसतो आहे.

७. कम्पाइल करून पाहा

त्याच खिडकीत 'डीबग'मध्ये 'कम्पाइल' आहे. मॅक्रो न चालवता फक्त कोड तपासला जातो, त्यामुळे डेटाला धक्का लागत नाही. पहिल्या दोषावर तो थांबतो. आपल्याला फक्त दोषाची जात ओळखायची आहे.

कोडमध्ये 'क्रिएट-ऑब्जेक्ट' असेल आणि त्यापुढे स्क्रिप्टिंग डिक्शनरी, फाइल-सिस्टिम-ऑब्जेक्ट किंवा एडीओडीबी लिहिलेलं असेल तर तो मॅक्रो विंडोजवर जन्मलेला आहे. हे घटक विंडोजचे, व्हीबीएचे नाहीत, म्हणून मॅकवर एरर ४२९ येतो. तो कम्पाइलमध्ये दिसत नाही, चालवल्यावरच दिसतो. त्यासाठी 'एडिट'मधल्या 'फाइंड'ने 'क्रिएट-ऑब्जेक्ट' हा शब्द अख्ख्या प्रोजेक्टमध्ये शोधून घ्या. डिक्शनरीचं काम बऱ्याचदा व्हीबीएच्या स्वतःच्या 'कलेक्शन'ने भागतं, ते मॅकवर चालतं. फक्त अमुक किल्ली आहे का हे कलेक्शनला थेट विचारता येत नाही, त्यासाठी एरर पकडायची छोटी सोय लिहावी लागते. पत्रकावर ॲक्टिव्ह-एक्सची बटणं असतील तर ती काढून 'फॉर्म कंट्रोल' प्रकारची साधी बटणं लावा.

'डिक्लेअर'ने सुरू होणाऱ्या ओळी बाहेरच्या लायब्ररीतलं फंक्शन बोलावतात, आणि त्याच ६४-बिटची तक्रार करतात. मॅकचं ऑफिस २०१६ त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ६४-बिट झालं, म्हणून २०११वर चाललेल्या फाइली तेव्हापासून अडू लागल्या. इथे एक चूक सारखी होते. संदेशात म्हटल्याप्रमाणे प्रत्येक ओळीत 'पीटीआर-सेफ' घातलं जातं, संदेश जातो, आणि काम झालं असं वाटतं. तो शब्द म्हणजे 'मी तपासलं आहे' अशी तुमची सही असते. ज्या चलांत (व्हेरिएबल्समध्ये) मेमरीचा पत्ता साठवला जातो ते 'लाँग'वरून 'लाँग-पीटीआर' केले नाहीत तर एक्सेल न सांगता कोसळतं, आणि न जतन केलेलं काम जातं. त्या ओळीत 'युझर३२' किंवा 'कर्नल३२' लिहिलेलं असेल तर ती विंडोजची लायब्ररी आहे. मॅकवर कितीही सह्या केल्या तरी ती नाही ती नाहीच. एरर फक्त बदलतो आणि ५३ होतो.

एकच फाइल दोन्हीकडे चालवायची असेल तर 'हॅश-इफ मॅक' या अटीने दोन वाटा कराव्या लागतात. 'विन-६४' या नावावरून मात्र मशीन ओळखू नका. नावात विंडोज असलं तरी ६४-बिट मॅकवरही त्याचं उत्तर 'ट्रू' (खरं) असंच येतं.

युझर-फॉर्म, म्हणजे माहिती भरायच्या स्वतंत्र खिडक्या, असतील तर ते मॅकवर चालतात, पण नव्या मॅक एक्सेलच्या एडिटरमध्ये त्यांची रचना बदलायची सोय नाही. त्या कामासाठी विंडोजचं मशीन शोधा.

८. रस्ते

माझा सगळ्यात जास्त वेळ याच दोषात गेला आहे, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगतो.

एका छापखान्याची कोटेशनची फाइल होती. गिऱ्हाइकाने विचारलं, डेमी आकार, १६० पानं, ८० जीएसएम मॅपलिथो, हजार प्रती, की त्यात आकडे भरायचे, बटण दाबायचं. मॅक्रो 'दर' नावाची दुसरी फाइल उघडून त्या महिन्याचे कागदाचे, प्लेटचे, बाइंडिंगचे दर आणायचा, वेस्टेज धरायचा आणि कोटेशन तयार. २००५ साली मुलाने लिहून दिलेली, एक्सेल २००४वर. २००८चं ऑफिस घेतल्यावर ती बंद पडली, तेव्हा मालकांनी जुना पॉवरपीसी आयमॅक फक्त या एका फाइलसाठी कोपऱ्यात चालू ठेवला. २०११ आलं आणि फाइल नव्या मशीनवर पुन्हा चालली. त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे. मग काही वर्षांनी नवा मॅक, नवं ऑफिस आणि एरर १००४.

"अहो, मागच्या आठवड्यापर्यंत चालत होतं हे," मालक काका म्हणाले. "परत काढून टाकलं की काय त्यांनी?"

काढून टाकलेलं नव्हतं. मी कोड उघडला. 'दर' फाइलचा रस्ता असा लिहिलेला होता: मॅकिंटॉश एचडी, कोलन, युझर्स, कोलन, आणि असं पुढे. २००४ आणि २०११मध्ये व्हीबीएचे रस्ते कोलनने (:) जोडले जायचे. २०१६पासून ते तिरक्या रेघेने (/) जोडले जातात. कोलनचा रस्ता नव्या एक्सेलला कळतच नाही. दर, वेस्टेज, हिशेब सगळं ठीक होतं, अडलं होतं ते एका ओळीत. मी रस्ता हाताने लिहिण्याऐवजी 'ही फाइल ज्या फोल्डरात आहे तो' आणि 'ॲप्लिकेशन-डॉट-पाथ-सेपरेटर' यांना जोडून दिला. सेपरेटर ज्या मशीनवर जो लागतो तो स्वतःच घेतो. 'दर' फाइल शेजारीच ठेवली. काकांनी स्वतः बटण दाबलं, कागदाचा दर सेलमध्ये उतरला.

तेवढ्यात दुसरी खिडकी आली, फाइलला प्रवेश द्यायचा का अशी. हीसुद्धा २०१६पासूनची. नवं ऑफिस मॅकच्या सँडबॉक्समध्ये चालतं, म्हणजे परवानगीशिवाय त्याला इतर फोल्डरांत हात घालता येत नाही. ही खिडकी रद्द केली की मॅक्रो मध्येच थांबतो आणि लोकांना वाटतं मॅक्रो बिघडला. परवानगी द्या. पन्नास फाइली एकामागून एक उघडायच्या असतील तर 'ग्रँट-ॲक्सेस-टू-मल्टिपल-फाइल्स' नावाचं फंक्शन मॅकच्या व्हीबीएत आहे, त्याने सगळ्यांची परवानगी एकदाच मागता येते.

आणखी दोन गोष्टी याच जातीच्या. 'डिर' हे फंक्शन आता मॅकवर ताऱ्याचं चिन्ह वापरून फाइली शोधत नाही. आणि कोडमध्ये 'मॅक-स्क्रिप्ट' दिसलं तर तो २०११पर्यंतचा मार्ग होता. आता त्याऐवजी 'ॲपलस्क्रिप्ट-टास्क' वापरायचं असतं, आणि त्याची स्क्रिप्ट ठरलेल्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत्येक मशीनवर हाताने ठेवावी लागते.

९. मराठी मजकूर आणि तारखा

कोडमध्ये थेट देवनागरी लिहू नका. एक्सेलच्या सेलला युनिकोड कळतं, कोडच्या खिडकीला कळत नाही, म्हणून 'एकूण रक्कम'ची प्रश्नचिन्हं होतात. उपाय सोपा आहे. एक लपवलेलं पत्रक करा, त्यात सगळी मराठी वाक्यं सेलांमध्ये लिहा, आणि मॅक्रोने त्या सेलमधून उचलून हव्या त्या सेलमध्ये ठेवायचं. मजकूर कोडमधून जातच नाही, त्यामुळे बिघडत नाही. पुढे शब्द बदलायचा झाला तर कुणालाही बदलता येतो.

तारखा चार वर्षं आणि एक दिवस सरकल्या असतील, नेमकं सांगायचं तर १,४६२ दिवस, तर फाइल मॅकच्या २००८ किंवा त्याआधीच्या एक्सेलमध्ये जन्मली आहे. तेव्हा मॅकवरचं एक्सेल दिवस मोजायला १९०४पासून सुरुवात करायचं, विंडोजवरचं १९००पासून. दोन काळातल्या फाइलींत मॅक्रोने तारखा इकडून तिकडे नेल्या की फरक पडतो. सेटिंग्जमध्ये 'कॅल्क्युलेशन'खाली १९०४ची खूण आहे. ती काढून पाहायचा मोह होईल. काढू नका, कारण त्या फाइलमधल्या सगळ्याच तारखा सरकतील. मॅक्रोमध्ये जिथे तारीख दुसऱ्या फाइलमध्ये जाते तिथेच १,४६२ची बेरीज किंवा वजाबाकी करायची, आणि आधी ओळखीच्या एका बिलाची तारीख ताडून पाहायची.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

कोडला पासवर्ड आहे आणि तो कुणालाच ठाऊक नाही. पासवर्ड काढून देणाऱ्या वेबसाइटवर फाइल चढवू नका, तुमच्या गिऱ्हाइकांचा हिशेब अनोळखी माणसाकडे जातो.

मॅक्रो पगार, जीएसटी किंवा व्याज काढतो. तो चालू झाला म्हणजे बरोबर आला असं नाही. जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या आणि किमान एका पूर्ण महिन्याचे जुने आकडे पुन्हा काढून ताडा.

दुरुस्तीनंतर एक्सेल संदेश न देता कोसळतं. ते 'डिक्लेअर'च्या ओळींचं काम आहे. अंदाजाने बदल करत गेलात तर दोष लपतो आणि नंतर जास्त नुकसान करतो.

फाइल उघडताना ती दुरुस्त करायला हवी असं एक्सेल म्हणतं आणि दुरुस्तीनंतर मॅक्रो गायब होतात. आतला कोडचा भाग बिघडला आहे. ती प्रत जतन करू नका, तशीच बाजूला ठेवा.

मॅक्रो कुणी लिहिला माहीत नाही, फाइल न मागता आली आहे, आणि ती उघडताच चालणाऱ्या भागात 'शेल' किंवा इंटरनेटचा पत्ता दिसतो. ती चालवूच नका.

बोलवाल तेव्हा चार गोष्टी तयार ठेवा: हात न लावलेली मूळ प्रत, एररचा फोटो, 'अबाउट'मधला आकडा, आणि हा मॅक्रो शेवटचा नीट कुठल्या मशीनवर आणि साधारण कुठल्या साली चालला होता ते. जुनं मशीन अजून घरात असेल तर तेही सांगा, आणि काम होईपर्यंत ते भंगारात देऊ नका.